कोरड्या पायांचं गाव

आभाळ तिथे फार आहे. डोंगर नाही, टेकडी नाही, नजरेला टेकायला उंचवटा नाही. आहे ते आभाळ, आणि आभाळाखाली सपाट, हरितवर्ण, विनम्र भूमी. वसंतातलं कोवळं ऊन तिथे तिरपं उतरतं. जलकणांनी जडावलेलं, रुपेरी, संकोची ऊन. कालव्यांत ते थरथरतं, पवनचक्कीच्या पात्यांवर चढतं, ट्यूलिपांच्या रक्तवर्ण, पीतवर्ण, जांभूळवर्ण पट्ट्यांवरून निथळतं. पाहुणा हे पाहतो आणि म्हणतो, किती शांत!

शांत कसलं डोंबलाचं! ह्या भूमीच्या उशाशी समुद्र बसलेला आहे. गावाहून उंच बसलेला आहे. मातीच्या बांधापलीकडे तो धूम्रवर्ण, लवणगंधी, दीर्घद्वेषी समुद्र अष्टौप्रहर दात खात असतो. बांधाला कान लावला तर ऐकू येतं. पण कान लावायला सवड कुणाला आहे? सगळे फोटो काढण्यात गुंतलेले.

गावाचं नाव नोर्डवेर. नकाशावर करंगळीच्या नखाखाली झाकून जाईल एवढं गाव, आणि डौल मात्र राजधानीचा. इथे आधी दलदल होती. लव्हाळी होती, बगळे होते, धुकं होतं. मग कुणी मातीचा ढीग रचला, ढिगावर मेंढी उभी केली, मेंढीशेजारी झोपडी आणि झोपडीशेजारी देऊळ, त्यांच्या रीतीचं, उंच मनोऱ्याचं. मग हेरिंग मासा आला, रजतकांती, अगणित. आणि त्याच्या शेपटीला धरून लक्ष्मी आली.

मग गलबतं निघाली. पूर्वेकडे गेली, आपल्याच किनाऱ्यांवरची मिरी, आपल्याच समुद्रापलीकडची लवंग-जायपत्री पोटात भरून परतली. त्या सुगंधी संपत्तीसाठी गावाने तराजूघर बांधलं. गुलाबी विटांचं, पायऱ्यापायऱ्यांच्या कळसाचं, सोनेरी अंकांच्या घड्याळाचं. आत पुरुषभर उंचीचा तराजू अजून टांगलेला आहे. मिरी तोलली, चीज तोललं, लोकर तोलली. सगळं तोलणारं गाव होतं ते. एक गोष्ट मात्र त्या तराजूत कधी पडली नाही, आणि ही कथा त्या एका गोष्टीची आहे.

दर शनिवारी हा सारा इतिहास नेल्त्ये सांगत असे. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, वाऱ्याने रापलेली, काटकुळी, नीलनेत्रा म्हातारी. हातात लाल छत्री उंच धरून ती पुढे चाले आणि तिच्यामागे पाहुण्यांचा कळप. हे तराजूघर. हा झुकलेला मनोरा. जमीन भुसभुशीत म्हणून झुकला, भक्तीने नव्हे. ह्या मनोऱ्यातल्या लहानमोठ्या घंटा, ज्या पाव-पाव तासाने आपसूक गातात. हा उचलपूल, जो बोट आली की दोन्ही हात वर करतो. पाहुणे हसत. तिची जीभ तिखट होती आणि पाहुण्यांना ती आवडे.

फेरी संपे ती बांधाच्या खिंडीशी. तिथे मात्र नेल्त्ये बोलायची थांबत असे.

खिंड म्हणजे बांधातून आरपार गेलेली वाट. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, भिंतींत वरून खाली कोरलेल्या उभ्या खाचा. समुद्र चढू लागला की त्या खाचांतून ओकच्या जाडजूड फळ्या एकीवर एक सरकवायच्या, फळ्यांच्या दोन रांगांमध्ये चिकणमाती आणि घोड्याची लीद ठासायची, की वाट बुजली आणि गाव वाचलं. शतकानुशतकं हीच रीत. खिंडीच्या आत नोर्डवेर. खिंडीच्या बाहेर, सखल कुरणांत, बाउटनहुक नावाची चार कौलारू घरं. बाउटनहुक म्हणजे बाहेरचा कोपरा. नावातच सगळं आलं.

आणि ह्या खिंडीतून जन्मलं गावाचं अभिवादन. नोर्डवेरची माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत, सुप्रभात म्हणत नाहीत. पाववाल्याच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, सायकलवरून जाता जाता ती विचारतात, "पाय कोरडे?" आणि समोरच्याने हसून म्हणायचं असतं, "कोरडे!"

आपल्याकडे कोरडे ओढतात ते पाठीवर. नेल्त्येला मराठीचं अक्षर ठाऊक नव्हतं, पण गावाचा तो एक शब्द आयुष्यभर तिच्या पाठीवरच पडत आला. सकाळी पाव घेताना एक, दुपारी टपाल घेताना एक, संध्याकाळी पुलावर एक. ती उत्तर द्यायची, "ओले."

एवढंच. ओले. तिचा बाप मारीनुसही मरेपर्यंत हेच उत्तर देत आला होता. गाव हसायचं. म्हणायचं, ही बापलेक मोठी खट्याळ.

ऐका तर मग, त्या खट्याळपणाची गोष्ट.

मारीनुस बाउटनहुकचा. मेंढ्या राखायचा आणि पाळी येईल तेव्हा गावाच्या फळ्या टाकायला जायचा. बाहेरच्यांनाही ती पाळी चुकत नसे, त्यापुरती ती गावची होती. बायकोचं नाव तानेके. उंच, गव्हाळ केसांची, मोठ्या हाताची. मुलगी नेल्त्ये, आणि पाळण्यातला येरून, ज्याला अजून दात नव्हते.

तानेके पायांत लाकडी जोडे घालायची, आपल्या खडावांचे हे थोरले भाऊ, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले. कुरणातून घरी येताना जोड्यांना मणभर चिखल. तेव्हा बाउटनहुकच्या बायका दाराशी थांबून जोडा हातात घेत आणि चौकटीवर आपटत. ज्या त्या बाईचा ठेका वेगळा. तानेकेचा ठेका होता, ठक् ठक्, मग श्वासभर थांबून, ठक्. तो ऐकला की मारीनुस आतून कडी काढायचा. शब्दांची गरज नसे. आले आहे, पाय झटकले आहेत, दार उघड. एवढं सगळं त्या ठेक्यात होतं.

माघ महिना असेल आपल्याकडे. तिथे मात्र हिमकठोर, वातविक्षुब्ध, लोहवर्ण दिवस. नेल्त्ये तापाने फणफणली होती, म्हणून मारीनुसने तिला खांद्यावर घेऊन गावात डॉक्टरकडे आणलं होतं. म्हणून ती आत होती. निव्वळ तापामुळे.

समुद्र चढला तो धडधडत, धुमसत, धवलफेन पिसारून. मनोऱ्याची मोठी घंटा वाजली. फळीकरी धावले, पोरीला खांद्यावर घेऊनच मारीनुस धावला. घरून तानेके निघालीच असणार, येरूनला घेऊन, शेळी ओढत. पण वाट लांब, वारा तोंडावर. मुकादम ओरडला, टाका! आणि फळ्या सरकू लागल्या. एक, आणखी एक, आणखी एक. बाहेरून माणसं येत होती. ज्यांचे हात रिकामे होते ती बांधावर गवताला धरून चढली आणि आत उतरली. ज्यांच्या हातांत लेकरं होती, ती खालीच राहिली.

शेवटची फळी मारीनुसच्या हाताने बसली. माती ठासायला सुरुवात झाली. आणि त्या कल्लोळात, त्या प्रलयगर्जनेत, फळीवर बाहेरून कुणीतरी जोडा आपटला.

ठक् ठक्. मग श्वासभर थांबून, ठक्.

खिंडीशेजारी फळ्या ठेवायचं फळीघर होतं, त्याच्या दाराशी, पोत्यावर, घोंगडीत गुंडाळलेल्या तापल्या पोरीने तो ठेका ऐकला. तिला वाटलं, आई आली. आता बाबा कडी काढतील. बाबा फळीवर झेपावले खरे. पण चौघांनी त्यांना धरलं, जमिनीवर पाडलं, त्यांच्या छातीवर गुडघे रोवले. मुकादम रडत होता आणि ओरडत होता, मारीनुस, एक फळी निघाली तर सगळं गाव जाईल रे! खरं होतं त्याचं. मारीनुसलाही ठाऊक होतं की खरं आहे. ठेका चालूच होता. मग त्यातली श्वासभर थांबण्याची जागा लांबत गेली, लांबत गेली, आणि ती पुढे कधी संपलीच नाही.

पाणी ओसरलं तेव्हा बाउटनहुक उरलं नव्हतं. तानेके सापडली नाही, येरून सापडला नाही. सापडला तो बांधाच्या पायथ्याच्या चिखलात रुतलेला एक लाकडी जोडा. आणि फळ्या उचलल्या तेव्हा वरच्या एका फळीवर, बाहेरच्या बाजूला, नालेने उमटलेल्या कोरी. वाकड्या, आडव्या, एकीत एक अडकलेल्या चंद्रकोरी. ओकच्या वज्रकठीण लाकडात एका बाईने आपलं सगळं बळ खर्चून लिहिलेलं एकच वाक्य, दार उघड.

तेच तिचं थडगं. दुसरं नाही. दरवर्षी त्या तिथीला मारीनुस फळीघरात जायचा, पोरीचा हात हातात घ्यायचा आणि त्या कोरींवरून फिरवायचा. हे तुझ्या आईचं अक्षर, म्हणायचा. तो गेल्यावर नेल्त्ये एकटी जाऊ लागली. जोडा तिच्या खिडकीत असायचा, जिरॅनियमच्या कुंडीशेजारी.

ती हे कुणाला बोलली नाही, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी आपल्या पोरांनाही सांगितलं नाही. बापाने हात जोडून सांगितलं होतं, ज्यांनी मला धरलं त्यांचीच पोरं इथे पाव भाजतात, शाळा चालवतात. आणि शेवटची फळी तर माझ्याच हातची. कुणाला कोरडे ओढशील, नेल्त्ये? मग बापलेकीने मिळून एक शब्द राखला. ओले. त्या एका शब्दात आई मावेल असं त्या भाबड्यांना वाटलं होतं.

गावाने काय केलं? गावाने पुस्तिका छापली. गुळगुळीत कागदाची, ट्यूलिपांच्या मुखपृष्ठाची. तीत लिहिलं, महापुरात नोर्डवेरचा एकही जीव गेला नाही. वाक्य खरं होतं, हीच त्यातली हलकट गोष्ट. बाउटनहुक नोर्डवेरमध्ये नव्हतंच ना! फळ्या टाकायच्या वेळी होतं, माणसं मोजायच्या वेळी नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाणाने आपल्या कोरडेपणाचीच जत्रा मांडली होती.

फळी टाकल्याचा राग नेल्त्येला नव्हता. तो तिने गिळला होता, पचवलाही होता. ती त्याच फळीआड वाढली, त्याच गावाचा पाव खाऊन. राग होता तो त्या वाक्याचा, त्या हसऱ्या, नेटक्या, इस्त्रीच्या वाक्याचा. दर शनिवारी पाहुणे खिंडीत उभे राहून ते मोठ्याने वाचत, आणि ती छत्री मिटून समुद्राकडे बघत राही.

आणि मग तो शनिवार आला. हंगाम सुरू व्हायच्या आधीचा दिवस. गाव न्हाऊनधुऊन बसलं होतं. पुलाला नवा रंग, दिव्यांच्या खांबांना फुलांच्या टोपल्या, तराजूघरासमोर चीजच्या पिवळ्याधमक चाकांची रांग. फेरी आटोपून नेल्त्ये परत येत होती तर पर्यटन कार्यालयाच्या काचेमागे तिला स्वतःचा चेहरा दिसला.

प्रतिबिंब नव्हतं ते. चहाचे मग होते. चिनीमातीचे, शुभ्र, निळ्या काठाचे मग, खिडकीभर मांडलेले. एका बाजूला अक्षरं, "पाय कोरडे?" दुसऱ्या बाजूला लाल छत्रीवाली गमतीदार म्हातारी, गाल फुगवून, डोळा मारून म्हणते आहे, "ओले!"

नेल्त्येने छत्री मिटली. ती दार ढकलून आत गेली.

कार्यालय चालवायची खेसीना. चाळिशीची, उत्साही, दुसऱ्या शहरातून आलेली आणि ह्या गावावर मनापासून लुब्ध. वयाने वडील बाईला तिथे तांते म्हणतात, मावशी म्हणा, आत्या म्हणा. खेसीना धावतच पुढे आली.

"तांते नेल्त्ये! बघितलेत? मला तुम्हाला चकित करायचं होतं. तुमचाच विनोद आहे!"

"विनोद," नेल्त्ये म्हणाली.

"हो ना! सगळं गाव कोरडे म्हणतं आणि तुम्ही एकट्या ओले. इतकं गोड आहे ते! उद्या उद्‌घाटनाला पाहुण्यांसमोर फळ्या टाकून दाखवणार आहोत, तेव्हा शेवटी तुम्ही तेवढं जोरात म्हणायचं. आणि फळ्या तर तुम्ही ओळखणारच नाही बघा. वाउटरने रंधा मारून काय चकाचक केल्यात! बाहेरून एकीवर कसले कसले खळगे होते, वार्निश धरेना. सगळे घालवले."

नेल्त्येने मेजाची कड धरली. खेसीना अजून बोलत होती, ओठ हलत होते, आणि बाहेर मनोऱ्यातल्या घंटा कुठलंतरी आनंदी गाणं वाजवत होत्या. नेल्त्ये वळली आणि चालू लागली. त्या वयात माणूस जेवढं धावू शकतं तेवढी धावली.

फळीघरात अळशीच्या तेलाचा आणि ताज्या भुशाचा वास कोंदला होता. फळ्या सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवल्या होत्या, मधुवर्ण, स्निग्ध, दर्पणासारख्या. तिने वरची फळी हुडकली. गाठीवरून ती ओळखायची. हात फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे मिटून, बोटं पसरून, आंधळ्याने मुख चाचपावं तशी चाचपत गेली. काही नव्हतं. गुळगुळीत. आईचं अक्षर जमिनीवर पडलं होतं, रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या, सुगंधी सालपटांत, आणि त्यांवरून कुणाच्यातरी बुटाचा ठसा गेला होता.

कोपऱ्यात वाउटर हात पुसत उभा होता. पन्नाशीचा, दणकट, भल्या स्वभावाचा सुतार. महापुराच्या वेळचा मुकादम त्याचा आजा.

"तांते, पाय कोरडे?" तो हसून म्हणाला. गावची रीत, तोंडातून निघून गेली.

"तुझ्या आजोबांनी जन्मभर ह्या फळ्यांना तेल पाजलं," नेल्त्ये म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला. "रंधा कधी लावला नाही. का लावला नाही, विचारलंस कधी?"

वाउटरचं हसू विरलं. "आजोबा बोलायचे नाहीत तांते. फळीघराबद्दल तर नाहीच. काय झालं? माझं काही चुकलं का?"

"तुझा आजा जे बुजवायला धजला नाही ते तू एका दुपारी बुजवलंस. वार्निश धरेना म्हणून."

"पण काय बुजवलं? सांगा तरी!"

सांगावं असं क्षणभर तिच्या ओठांवर आलं. मग दिसला खेसीनाचा चेहरा. दिसल्या उद्याच्या हळहळी, कोरड्या, सुबक, पुस्तिकेत एक परिच्छेद वाढवणाऱ्या हळहळी. बाजूला एक नवा मग. नाही. तिने मूठभर सालपटं उचलून कोटाच्या खिशात कोंबली आणि ती बाहेर पडली. आयुष्यभर जपलेलं मौन तिच्या छातीत आता आंबट झालं होतं. ह्या लोकांनी माझी आई खरवडून काढली, ती स्वतःशीच पुटपुटत होती, आणि हातात झाडू घेऊन केर काढला.

रविवार उजाडला तो मेघमेदुर, मृदुवात, मौक्तिकवर्ण. खिंडीच्या आत खुर्च्या मांडल्या होत्या, पितळी वाद्यांचा ताफा होता, पताका होत्या, तळलेल्या गोड गोळ्यांचा घमघमाट होता. नगराध्यक्ष साखळी घालून आले होते. सगळे आत. नोर्डवेरचं सगळं काही नेहमी आतच असतं. लाल छत्री मात्र कुठे दिसेना. खेसीना मान उंच करून शोधत होती.

नेल्त्ये बाहेर होती.

सकाळीच ती बांधावरून उतरून पलीकडे गेली होती. खिंडीच्या तोंडाशी सखल जागा, तिथे बारा महिने पाणी साचलेलं. त्या घोटाभर गार पाण्यात ती उभी होती. मागे रिकामी कुरणं, बगळे, आणि जिथे कधीकाळी चार घरं होती तिथे वाकलेलं गवत. छातीशी धरला होता आईचा जोडा. लाकूड वाळून हलकं झालेलं, टाचेची नाल गंजलेली, पण शाबूत.

ताफा वाजला. वाउटर आणि त्याचे साथी, निळ्या सदऱ्यांत, चकचकीत काळ्या बुटांत, फळ्या घेऊन आले. पहिली फळी खाचांतून सरकत खाली बसली. टाळ्या. दुसरी. टाळ्या. नेल्त्येला बाहेरून आधी सगळे दिसत होते. मग कमरेवरचे, मग खांद्यांवरचे, मग नुसत्या टोप्या आणि पताका. मग वरची फळी आली, मधुवर्ण, निष्कलंक, निर्लज्ज, आणि नोर्डवेर तिच्या नजरेतून नाहीसं झालं. असंच दिसलं असेल तानेकेला, तिच्या मनात आलं. असंच. टोप्या, मग काहीच नाही.

आतून ध्वनिक्षेपकावर नगराध्यक्षांचा आवाज घुमला, "पाय कोरडे?"

आणि अख्ख्या गावाने, पाहुण्यांनी, पोराबाळांनी एका गळ्याने उत्तर दिलं, "कोरडे!"

नेल्त्येने जोडा उचलला.

ठक् ठक्. मग श्वासभर थांबून, ठक्.

आत हशा पिकला. ही म्हातारी! काय एकेक युक्त्या काढते! कुणीतरी टाळी धरली. दुसऱ्याने धरली. ती ठोकत होती आणि गाव तिच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होतं. तिच्या आईच्या शेवटच्या शब्दावर ताल धरत होतं. तेव्हा तिच्या तळपायापासून राग चढला. समुद्र चढतो तसाच चढला. साठ-पासष्ट वर्षं बांधाआड दाबलेला, खारा, काळा, प्रचंड. तिने दोन्ही हातांनी जोडा धरला आणि त्या लखलखीत वार्निशावर घाव घातला. वार्निश फुटलं. लाकडात कोर उमटली. आणखी एक. आणखी एक. आई गं, ती ओरडत होती, आई, हे बघ, मी लिहिते. खांदा निखळतोय असं वाटलं तरी ती थांबली नाही.

आत फळीला पाठ लावून वाउटर उभा होता. प्रत्येक घाव त्याच्या पाठीत उतरत होता. आणि त्याला कळलं की घाव कुठे पडतो आहे. जिथे त्याने रंधा मारला होता, तिथेच, बरोब्बर तिथेच. त्याला आजोबा आठवले, तेलाचा बोळा हातात घेऊन त्या फळीपाशी आले की मान वळवणारे. त्याला आठवलं की बाउटनहुकच्या बायका दाराशी जोडे झटकत, असं आजी सांगायची. त्याचा चेहरा उतरला. त्याने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघून हात वर केला.

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या आधी, मागच्या नंतर. ताफ्यातला एक तुतारीवाला तेवढा वाजवत राहिला होता, तोही गप्प झाला. आता फक्त तो ठेका होता, आणि म्हाताऱ्या माणसाच्या धापा. रांगांत कुठेतरी एक थकलेला पाववाला, ज्याच्या बापाने एकदा कुणाच्यातरी छातीवर गुडघा रोवला होता, हळूच उठला आणि त्याने टोपी काढली.

"काढा," वाउटर म्हणाला.

"अरे पण अजून भाषण व्हायचंय," खेसीना कुजबुजली.

"काढा म्हणतो ना फळ्या!"

फळ्या निघाल्या. वरची निघाली, तेव्हा सगळ्यांना दिसली ती पांढऱ्या, विस्कटलेल्या केसांची बाई, पाण्यात उभी, हातात लाकडी जोडा. गमतीदार नव्हती. डोळा मारत नव्हती. तिचा ऊर धपापत होता आणि तिच्या डोळ्यांत पाहण्याची कुणाची छाती झाली नाही.

वाउटरला काहीतरी म्हणायचं होतं. जन्मभराची सवय ओठांवर आली, "तांते, पाय..." आणि तो मध्येच थबकला. आपण काय विचारत होतो ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं.

"आई होती माझी," नेल्त्ये म्हणाली. "फळीच्या ह्या बाजूला. आणि येरून. तुमच्या पुस्तिकेत जे गेलेच नाहीत, ते."

नेल्त्ये आत आली नाही. तिला यायचंच नव्हतं. ती तिथेच उभी राहिली, आणि खाचेच्या अलीकडे गाव उभं राहिलं, पंक्तिबद्ध, सुशोभित, कोरडं ठणठणीत.

मग वाउटरने खाचांची रेघ ओलांडली. चकचकीत बूट, निळा सदरा, सगळ्यासकट तो त्या पाण्यात उतरला. बुटांत पाणी शिरलं, मोजे भिजले, विजारीचे पाय जड झाले. तो तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला, गावाकडे तोंड करून. नगराध्यक्षांकडे नाही, खेसीनाकडे नाही, तो आपल्या पायांकडे बघत होता.

"ओले," तो म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही.

भुरभुर सुरू झाली होती. तिथली नित्याची, रजतसूक्ष्म, निःशब्द भुरभुर. पताका ओल्या झाल्या, खुर्च्या ओल्या झाल्या, नगराध्यक्षांची साखळी ओली झाली. गवतावर ती फळी उताणी पडली होती, बाहेरची बाजू वर करून. वार्निशावरून पाणी ओघळून जात होतं. पण त्या ताज्या, वाकड्या, फुटक्या कोरींत ते थांबत होतं, साचत होतं. एकेका कोरीत थेंबभर आभाळ, थेंबभर समुद्र. ओली कोर, आणि शेजारी ओली कोर, आणि श्वासभर अंतर सोडून, आणखी एक.